आउगुस्त्सचे त्रेचाळीस शब्द

इंग्लंडमधल्या एका चर्चने आपला जुना ऑर्गन एकोणीस खोक्यांत भरून लॅटव्हियातल्या आबावा नदीकाठच्या एका गावाला धाडला, तो मे महिना होता, चौऱ्याण्णव सालचा. जोडायला माणूस काही आला नाही. आली ती साठ पानांची पुस्तिका, तीही इंग्रजीत. पाद्री गुंतिस हुशार! त्याने ती रीगातल्या आपल्या भाच्याकडून लॅटव्हियनमध्ये उतरवून घेतली. भाच्याने शब्दकोश उघडला, प्रत्येक शब्दापुढचा पहिला अर्थ उचलला आणि मोकळा झाला.

झानिस क्रूक्लिस सुतार ते वाचायला बसला आणि तिसऱ्याच ओळीला उसळला.

"‘छाती जमिनीवर सपाट ठेवा. तिला किल्ल्या टोचा. मग जिभा कापून ओठांशी आणा.’ पाद्रीबुवा, हा ऑर्गन आहे की खाटीकखाना?"

"काका, थोडं समजून घ्या..."

"काय समजून घेऊ? माझं कपाळ?"

त्याला राग यायचं कारण होतं. जुलैत गाव आपल्या मृतांपाशी जमतं, त्या थडग्यांच्या रविवारपर्यंत ऑर्गन वाजला नाही, तर खोकी शेजारच्या गावी जाणार होती. तिथे शहाणा कारागीर होता आणि पाद्रीने त्यांना तसा शब्द देऊन टाकला होता. गाव हळहळलं असतं आणि विसरलं असतं. झानिसला मात्र विसरणं शक्य नव्हतं. बासष्ट साली, सोव्हिएत अमलात, याच चर्चचं खताचं गोदाम झालं, तेव्हा आतला जुना ऑर्गन उपटून त्याच्या नळ्या भंगारात द्यायचा हुकूम आला होता. त्या नळ्या ज्या ट्रॅक्टरवरून स्टेशनला गेल्या, तो ट्रॅक्टर एकोणीस वर्षांचा झानिस चालवत होता. आणि चर्चच्या दारात उभा राहून बघत होता त्याचा बाप, आउगुस्त्स. तीस वर्षं त्या ऑर्गनचा भाता चालवलेला, त्याची डागडुजी केलेला माणूस. बाप त्यानंतर पाच वर्षं जगला. मुलाशी पाऊसपाण्यावर बोलायचा, ऑर्गनचं नाव नाही. आता एक ऑर्गन दारात आला होता आणि झानिसला तो स्वतःच्या हातांनी उभा करायचा होता. हे तो कुणाला सांगत नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी पाद्री वेल्टाबाईंना घेऊन आला. म्हणजे बाईच आल्या, सायकलवरून, हँडलला काळ्या पावाची पिशवी. एकाहत्तर वर्षांच्या. अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण जिताजागता इंग्रज माणूस एकदाही पाहिला नाही. झानिसलाही त्यांनी पाचवीत नापास केलं होतं.

बाईंनी दोन दिवस पुस्तिका उघडलीच नाही. खोक्यांतली एकेक वस्तू काढायची, चष्मा कपाळावर सरकवायचा, बोटांनी चाचपायची, नाकाशी धरून वाससुद्धा घ्यायचा. झानिसच्या डोक्यात तिडीक गेली.

"बाई, सात आठवडे उरलेत. तुम्ही लाकूड हुंगत बसलाय!"

"तुझं उत्तर पाचवीतही असंच असायचं. आधी घाई, मग चूक," बाई शांतपणे म्हणाल्या. "अरे, इंग्रजीतला शब्द म्हणजे सात घरी राबणारा गडी. शब्दकोश सातही घरं दाखवतो. तो आत्ता कुणाच्या घरी कामाला आलाय, ते त्या घरात गेल्याशिवाय कसं कळणार?"

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक इंग्रजी शब्द, खाली त्याचे असतील नसतील तेवढे अर्थ, आणि ती चिठ्ठी दोऱ्याने त्या त्या भागाला बांधलेली. बाई बाकावर बसून एकेका अर्थावर काट मारायच्या. ‘चेस्ट’खाली छाती होती, ट्रंक होती, औषधांचं कपाट होतं, खजिना होता. छाती गेली, कपाट गेलं. शेवटी जे उरे त्यालाही बाई सहजासहजी पास करायच्या नाहीत. उरलेला अर्थ बरोबर, पण आपल्या माणसांच्या तोंडी त्याला कोणता शब्द बसतो?

इथे त्यांची खास रीत होती. झानिस एरवी कुणाचं कौतुक करणारा नव्हे, पण ह्या रीतीपुढे त्याने मनातल्या मनात टोपी काढली. बाई कुणालाही ‘ह्याला काय म्हणतात?’ असं विचारत नसत. "विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बोलतो. पुस्तकी तरी सांगतो, नाहीतर रशियन तरी. त्याच्याकडून वस्तू मागून घ्यायची. हात गुंतलेले असले की तोंडातून खरा शब्द पडतो." आणि खरंच, लोहार आला, मधमाश्या पाळणारा आला, बाई प्रत्येकाच्या हाताला काम द्यायच्या आणि पेन्सिल घेऊन मागे उभ्या राहायच्या. चामडं ताणताना लोहार जे बोलला त्यातला एक शब्द तेवढा लिहिण्यासारखा होता. बाकीच्याला बाईंनी कान बंद केले.

‘चेस्ट’ मात्र अडून बसली. चिठ्ठीवर ‘हवेची पेटी’ लिहून बाईंनी पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. "कळतंय, पण जीव नाही त्यात," म्हणाल्या. आठ दिवस ते प्रश्नचिन्ह तसंच लटकत होतं.

नवव्या दिवशी ती पेटी माळ्यावर चढवायची होती. आडव्या पाडलेल्या दाराएवढी मोठी, आत वारा भरायचा, वर नळ्यांचं रान. चौघं उचलत होते, अर्ध्या जिन्यात एकाचा हात सुटला. झानिस वरून ओरडला, "वेयलादे सांभाळा! वेयलादे तिरकी होतेय!"

पेटी सावरली. खाली बाकावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला.

लादे म्हणजे नवरीची रुखवताची पेटी, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. वाऱ्याची लादे! इतका नेटका शब्द, आणि गावात कुणाच्याच तोंडी तो बत्तीस वर्षांत आला नव्हता.

"कुणाचा रे शब्द?" बाईंनी विचारलं.

"कुणाचा नाही. आला तोंडात."

"मी तर शिकवला नव्हता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस, झानिस?"

झानिस हत्यारं टाकून घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो डोळे सुजलेले घेऊन. आल्या आल्या म्हणाला, "बापाचा शब्द आहे. लहानपणी मी त्याच्याबरोबर माळ्यावर असायचो. तो एकेक भाग मागायचा, मी द्यायचो. सगळे शब्द आहेत माझ्याकडे. पण बाई, ट्रॅक्टर मी चालवला. ते शब्द ह्या तोंडाने कसे बोलू?"

बाईंनी चष्मा पुसला.

"त्या दिवशी मी तिसरीच्या मुलांना घेऊन त्याच रस्त्याने चालले होते," त्या म्हणाल्या. "एका मुलीने विचारलं, बाई, त्या नळ्या कुठे नेतायत? मी म्हटलं, पुढे बघून चाला. मी, शिक्षिका! तुला निदान हुकूम होता. बोल आता. नळीच्या ह्या पायाला आउगुस्त्स काय म्हणायचा?"

आणि झानिस बोलला. तो वर शिडीवर, बाई खाली चिठ्ठ्या घेऊन. बाई अर्थांवर काट मारत एकेक इंग्रजी शब्द सोलून ठेवायच्या आणि झानिस वरून बापाचा शब्द टाकायचा. दोन्ही असे जुळायचे की दोघांना हसू फुटायचं. पण बाई भोळ्या नव्हत्या. दोन शब्द त्यांनी परत पाठवले: "हा ऑर्गनचा नाही, तुझ्या बापाचा शिवी द्यायचा शब्द आहे." झानिसने आठवून पाहिलं. खरंच की! एवढी अक्कल आणि एवढा धीर ह्या म्हातारीत आला कुठून, म्हणून तो बघतच राहायचा.

एकच भाग अडला. आवाज लहानमोठा करायच्या लाकडी झडपा. जुन्या ऑर्गनला त्या नव्हत्याच. पुस्तिकेत त्याला ‘स्वेल’ म्हटलेलं. चिठ्ठीवर सूज होती, समुद्राची लाट होती, फुगणं होतं, आणि अमेरिकेत म्हणे ‘झकास’ही. बापाकडे ह्याला शब्द नव्हता. शेवटी दोघांनी बसून स्वतःच एक जोडला: सूरझडप. बाईंनी तो तीन दिवस झडपेला टांगून ठेवला. चौथ्या दिवशी लोहार सहज बोलून गेला, "ती सूरझडप जरा करकरतेय," तेव्हा पास केला.

थडग्यांच्या रविवारी ऑर्गन वाजला. हेर्मीने नावाची गावची जुनी ऑर्गनवाली, चौऱ्याऐंशी वर्षांची, पट्ट्यांपुढे बसली आणि भाता झानिसने चालवला, बापाच्या जागी उभं राहून. पहिला सूर निघाला तेव्हा चर्चमधली माणसं उघड उघड रडली. झानिसला रडायला फुरसत नव्हती, भात्यातली हवा संपली असती.

बाहेर पडताना बाईंनी त्याच्या हातात टाइप केलेली नवी पुस्तिका ठेवली. पहिल्या पानावर अनुवादकाचं नाव नव्हतंच. एवढंच होतं: ‘शब्द: आउगुस्त्स क्रूक्लिस, भाता चालवणारा.’

"बाई, तुमचं नाव?"

"मी फक्त काट मारली. जा, तो वाट बघतोय."

दरवर्षी ह्या दिवशी सगळं गाव आपापल्या थडग्यापाशी बसायचं आणि झानिस दफनभूमीच्या फाटकातच उभा राहायचा. आज तो आत गेला. माणसं थडग्यांभोवतीची वाळू दाताळ्याने सारखी करत होती, ती थांबली. झानिस बापासमोरच्या बाकड्यावर बसला, टोपी काढली, पुस्तिका उघडली आणि शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचायला लागला. वेयलादे. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. त्रेचाळीस शब्द त्याने एकेक करून वाचले, कुठे चुकला नाही.

मग घसा खाकरून म्हणाला, "बाबा, चव्वेचाळिसावा तुमचा नाही, मी आणि बाईंनी केलाय. सूरझडप. बघा बरं, चालतोय का."