डावीकडे जन्मतारीख

निवृत्त प्राध्यापक तिल्लैनायगम यांच्या व्याख्यानांना सरासरी अकरा श्रोते येत. त्यांतले चौघे वाचनालयाच्या पंख्याखाली झोपायला. या रविवारी मात्र त्यांना शंभर सह्या हव्या होत्या. गावतळ्याच्या मडैवर, म्हणजे पाणी सोडण्याच्या दगडी दारावर, हजार वर्षांपूर्वीचा लेख होता आणि सोमवारी ठेकेदाराची माणसे तो दगड फोडून तिथे लोखंडी झडप बसवणार होती. प्राध्यापकांनी चार कचेऱ्यांना तळटीपांसह निवेदने धाडली होती. एकीने उत्तर देण्याची कृपा केली: तळटीपा विहित नमुन्यात बसत नाहीत.

शेजारची मरगदम् ब्लाउज शिवे आणि दुकानाच्या जाहिराती फोनवरच रचत असे. व्याख्यानाचे चित्र कसे करायचे ते तिने दाखवले.

“हे बघा सर, तयार देऊळ आहे, हत्ती आहे, झेंडूची कमान आहे. बोट लावलं की बसलं.”

“हे देऊळ कुठलं?”

“कुठलं म्हणजे? देवळासारखं देऊळ!”

“अम्मा, ही धाटणी तंजावरची नाही, मदुरैची नाही, पृथ्वीवरचीच नाही. मला माझी छायाचित्रं हवीत.”

“मग हे अपलोडचं बटण दाबा. आणि जरा रंग राहू द्या हो. तुमचा चेहरा आधीच नापासांच्या यादीसारखा.”

ती मशीनकडे वळली. प्राध्यापकांनी हत्ती पुसला, कमान पुसली, देऊळ तर विशेष आनंदाने पुसले. मग लेखाचा शाईने घेतलेला ठसा चढवला: काळ्या कागदावर पांढरी अक्षरे. त्याला शोभेल असे स्वतःचे कृष्णधवल छायाचित्र लंबगोलात बसवले. खाली डावीकडे जन्मतारीख, वक्त्याच्या परिचयात असते तशी. उजवीकडे रविवारची तारीख. त्याखाली विषय, वाचनालय, सकाळी दहा. मांडणीचा तोल पाहून ते संतुष्ट झाले आणि त्यांनी चित्र गावाच्या गटावर पाठवले.

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका हुंदके देत होत्या. चहावाला इसक्किमुत्तू हातात माळ घेऊन दारातच उभा होता.

“ऐयो! सर, तुम्ही चालत आलात?”

“दहा वाजले. मग कसा येऊ?”

मरगदम् फोन नाचवत पुढे आली. “काळा कागद, काळा फोटो, डावीकडे जन्म, उजवीकडे आजची तारीख! आपल्याकडे असं चित्र कोणाचं लावतात? सकाळपासून रडतेय मी, मेलं डोकं दुखायला लागलं!”

“खाली ‘व्याख्यान’ असं स्पष्ट लिहिलंय.”

“ते कोण वाचतं?”

या प्रश्नावर त्यांनी चाळीस वर्षे संतापात काढली होती. त्यांनी शांतपणे दार लावून घेतले आणि तासभर बोलले. ज्याच्या अंत्यदर्शनाला आलो त्याच्यासमोरून उठून जाण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

सह्यांची वही मात्र पिशवीतच राहिली, कारण माळांचा प्रश्न निघाला. एक म्हातारी म्हणाली, “सर जिवंत आहेत, म्हणजे माळ सुतकाची नाही. पण मेल्या माणसाच्या नावाने घेतलेली घरीही नेता येत नाही. आता ती देवालाच घालायची.”

“मग त्या दगडाला घालू,” इसक्किमुत्तू म्हणाला. “एवढं तासभर ऐकलं त्याचं!”

मिरवणूक तळ्यावर गेली. त्रेचाळीस माळा पडल्या. कोणी हळद फासली, कोणी दिवा लावला. “अक्षरांवर तेल नको!” असे प्राध्यापक ओरडत होते; नेहमीइतक्याच लोकांनी ऐकले.

सोमवारी ठेकेदाराची माणसे घण घेऊन आली, थबकली आणि त्यांनी चपला काढल्या. मुकादमाने दगडापुढे देवासमोर जोडावेत तसे हात जोडले आणि तिथे उभ्या असलेल्या प्राध्यापकांना विचारले,

“सर, ह्या सामींचं नाव काय?”

राजाचे नाव, राज्यवर्ष, दात्याचे कुळ, चार संदर्भ. सारे प्राध्यापकांच्या जिभेवर होते. त्यांनी घणाकडे पाहिले.

“मडैसामी,” ते म्हणाले. “फार कडक आहेत.”

आयुष्यात प्रथमच त्यांनी विनासंदर्भ विधान केले. माणसे घण उचलून निघून गेली.