लेकीसाठी राखलेली खोली

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही, पण तो मोडायचा नाही हे मी ठरवून टाकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आई अशी असताना माहेर म्हणजे नुसत्या भिंती." वाईट मनाने नाही म्हणाल्या. तरी मला राग आला, आणि नववा लागताच बॅग भरून मी येरवड्याहून धायरीला आले.

माझ्या आईच्या, श्यामलाच्या, डोक्यातून दोन वर्षांपासून माणसं एकेक करून निघून चालली आहेत. बाबा अजून आहेत, कधी नवरा म्हणून, कधी फॅक्टरीतले साहेब म्हणून. मी मात्र गेले.

दारातच तिने मला नीट न्याहाळलं. "कोणाकडे आलात?"

"आई, मी अस्मिता."

"अस्मिता यायचीय अजून. बाळंतपणाला येणार आहे माझ्याकडे."

माझं सगळं दुखणं ते एवढंच. आपल्याला मुलगी आहे, तिला दिवस गेलेत, ती माहेरी येणार आहे, हे सगळं आईच्या पक्कं लक्षात होतं. फक्त ती मुलगी मी नव्हते. आतली खोली तिने झाडूनपुसून तयार ठेवली होती. पलंगावर जुन्या मऊ साड्यांची दुपटी घडी घालून मांडली होती. मी तिथे जरा टेकले की यायची. "बाहेर बसा हं. ती माझ्या लेकीची खोली आहे." मग मी दिवाणखान्यात झोपायचे, परक्यासारखी. बाबा ओशाळून म्हणायचे, "समजून घे गं." समजून घेण्याचा मला वीट आला होता.

तिरकस बोलणं मात्र आई विसरली नव्हती. एकदा माझ्यापुढे चहाचा कप ठेवत म्हणाली, "तुमच्या घरी गॅस नाही वाटतं?" मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

तरी मी परत गेले नाही, कारण मनात एक वेडी आशा होती. आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, तेव्हा कॉलनीतल्या बायकांचे दिवस भरले की नवऱ्याआधी आईला बोलावणं यायचं. ती सुईण नव्हती, नर्सही नव्हती. पण पाठीवरून हात फिरवत जवळ बसायची, आणि रिक्षा कधी बोलवायची ते तिला कळायचं. मी चिडायचे. गावाला आई मिळते आणि मला गार वरणभात. आता वाटत होतं, तो हात निदान एकदा माझ्या पाठीवर पडेल. कळा येतील तेव्हा तरी तिला मी ओळखू येईन.

एका दुपारी पोट एकदम घट्ट झालं. मी भिंत धरली. आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जरा चालून बघा."

मी चालले. पोट सैल पडलं.

"खोटी होती. खरी कळ चालल्याने थांबत नाही. कंबरेतून निघते, पुढे येते, आणि दर वेळी जास्त जवळ येते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोट उतरलंय तुमचं. श्वास मोकळा झाला असेल, पण लघवीला सारखं पळावं लागत असेल. बाळ हलतंय ना नेहमीसारखं?"

"हलतंय."

"ते कमी वाटलं तर वाट बघत बसायचं नाही. तडक दवाखाना." आणि पुन्हा शेंगांकडे वळली. "हे सगळं तुमच्या आईने सांगायचं. मी कोण?"

मी तिच्यासमोर बसून शेंगा सोलायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात सकाळी कपड्यावर चिकट, गुलाबीसर डाग दिसला. दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, कळा नियमित यायला लागल्या किंवा पाणी गेलं की निघा. दुपारी ओट्याशी उभी असताना कंबरेतून कळ निघाली. चालले, थांबली नाही. पुन्हा आली, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी ओट्यावर डोकं टेकवलं, आणि पाठीवर हात पडला.

"श्वास सोड. धरून ठेवू नकोस, सोड. असं. शहाणी माझी ती."

तुम्हीचं तू झालं होतं. हात तोच होता, खरखरीत, गरम, नेमका दुखतं तिथे दाबणारा. मला रडू आलं. मला वाटलं, आली, माझी आई परत आली. कळ ओसरेपर्यंत ती हात फिरवत राहिली. मग माझे केस कानामागे सारत तिने विचारलं, "नाव काय म्हणालीस तुझं?"

"अस्मिता."

"अगंबाई. माझ्या लेकीचंही तेच."

बाबांनी खालून गाडीचा हॉर्न वाजवला. सौमित्रचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला की तो ऑफिसातून निघालाय, दवाखान्यातच येतो. मी आईचा हात सोडला नाही. "चल ना माझ्याबरोबर," मी म्हटलं. लहानपणी शाळेच्या फाटकाशी म्हणायचे तसंच.

"मी कशी येऊ बाळा? माझी लेक यायचीय. ती दारात येईल आणि घरात आई नाही, बरं दिसेल का ते?"

शेजारच्या मुक्ताई तिच्यापाशी थांबायला आल्या. त्यांनी डोळे पुसले. मला पुन्हा कळ आली, तीही आईच्या हातावरच ओसरली. मग ती हात सोडवून आतल्या खोलीत गेली आणि एक दुपटं घेऊन आली. तिच्या निळ्या साडीचं. ती साडी नेसून ती मला शाळेत सोडायला यायची.

"हे घे. तुझ्या आईने काही दिलेलं दिसत नाही." दुपटं माझ्या हातात देऊन तिने माझी बोटं त्यावर मिटवली. "लेकीसाठी शिवलं होतं. सांगेन तिला, एक देऊन टाकलं म्हणून. रागवायची नाही ती."

"नाही रागवायची," मी म्हटलं, आणि जिना उतरायला लागले.