चपलांच्या स्टँडवरचा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना, स्वस्तातला लॅपटॉप आहे. कर्वेनगरातल्या एका फ्लॅटच्या जाळीच्या दारात, चपलांच्या स्टँडच्या वरच्या फळीवर मी राहतो. माझी कीव करू नका. आधी ऐका.

हिंजवडीच्या एका कंपनीनं माझ्यासारखे दोनशे लॅपटॉप एकदम घेतले होते. मी ज्याच्या वाट्याला आलो, तो माणूस चार वर्षं माझ्यावर जेवला. वडापावाची तेलकट बोटं तो माझ्या कळांना पुसायचा. शिंकताना तोंड फिरवायचा नाही. माणसांची किळस मला तिथेच यायला लागली. पुढे नवे लॅपटॉप आले आणि आम्ही पोत्यात भरून कसबा पेठेत नासिरभाईंच्या दुकानात आलो.

नासिरभाईंनी मला उघडलं. आत चुरा, केस, साखर आणि नखाचा एक तुकडा निघाला.

"इथं माणूस काम करत होता की जेवत होता?" ते म्हणाले. त्यांनी मला ब्रशनं घासलं, आतलं सगळं पुसून कोरं केलं. मला इतकं स्वच्छ कधीच वाटलं नव्हतं.

तिथे मला घ्यायला हिराबाई आल्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. त्यांना उपचारांसाठी दर आठवड्याला दवाखान्यात तासन् तास बसावं लागणार होतं आणि तिथे फुकटचं वायफाय होतं.

"भारीतला नको," त्या म्हणाल्या. "चोरीला गेला तरी रडू येणार नाही असा द्या."

"मग हाच घ्या, बाई. याला बघून चोरालाच रडू येईल."

घरी आल्यावर त्यांनी मला सरळ चपलांच्या स्टँडवर ठेवलं. त्यांचे यजमान सीतारामराव चिडले.

"अगं, आपल्या घरात कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं? तुझ्या आज्याला गावात असंच ठेवत होते ते विसरलीस?"

"विसरले नाही. आजा माणूस होता. हे यंत्र आहे, आणि हे बाहेरच्या वायफायवर हिंडणार आहे. अहो, मधे कुणी बसलेलं असलं तर? एक्स्चेंजमध्ये मधे मीच बसायचे. सगळं ऐकू यायचं मला."

तेव्हापासून नियम ठरला. दवाखान्यात माझ्यावर वर्तमानपत्र वाचायचं, बुद्धिबळ खेळायचं, पाककृती बघायच्या. मेल, बँक, फोटो हे सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. माझ्या पोटात काहीच ठेवायचं नाही. माझं अपडेट मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. दवाखान्यात गेल्यावर त्या आधी काउंटरवर जाऊन वायफायचं नेमकं नाव विचारायच्या. घरी आल्यावर त्या संध्याकाळी मुलीला, दीपालीला, लांबलचक पत्र लिहायच्या. तशी अकरा वर्षांची पत्रं त्यांच्या मेलमध्ये होती. मला त्यातलं एकही अक्षर माहीत नव्हतं.

मग हिराबाई गेल्या.

सीतारामरावांनी मला आत घेतलं. शेवटी शेवटी तिचा हात यावरच असायचा, असं म्हणून त्यांनी मला टेबलावर, तिच्या फोटोशेजारी ठेवलं. मला बरं वाटलं. आता त्याचीच लाज वाटते.

दोन आठवड्यांनी काही कागद आणायला ते दवाखान्यात गेले. मला बरोबर नेलं आणि तिच्याच खुर्चीवर बसले. तिची पत्रं तिथेच वाचावीत असं त्यांना वाटलं. वायफायच्या यादीत दोन नावं दिसली. एक नेहमीचं. दुसरं तेच, पण पुढे 'फ्री' लावलेलं. त्यांनी दुसरं निवडलं. एक पान उघडलं: इंटरनेट हवं असेल तर मेल आणि पासवर्ड भरा. त्यांचं स्वतःचं मेल कधी नव्हतंच. त्यांनी तिचं मेल लिहिलं, तिचा पासवर्ड लिहिला. मी निमूटपणे नेऊन दिला. कुठे, ते मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. हिराबाईंची धाकटी बहीण नंदा होती.

"दाजी, ताईचा मेल आलाय."

"नंदा, तिला जाऊन सोळा दिवस झाले."

"माहीत आहे हो. ती म्हणतेय, अडचणीत आहे, तुझ्या फोनवर एक आकडा येईल तो कळव, कुणाला सांगू नकोस." मग नंदाताई हळूच म्हणाल्या, "आकडा नाही दिला मी. पण उत्तर लिहिलं, दाजी. 'कशी आहेस' म्हणून विचारलं."

मित्रांनो, वडापावाचं तेल पुसता येतं. हे कशानं पुसायचं? मेलेल्या बाईच्या नावानं तिच्या बहिणीला हाक मारणारा तो कोण होता, हे आजही कळलेलं नाही. त्याचं तोंड मला बघायचंही नाही. आणि त्याचं काम मी केलं होतं.

हिराबाईंच्या मेलला आता जुना पासवर्ड चालेना. अकरा वर्षांची पत्रं त्या माणसाच्या हातात. सीतारामरावांनी चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळी दीपाली आली.

"बाबा, आईचा नंबर बंद केला नाहीत ना?"

नव्हता केला. ते रोज तिचा मोबाइल चार्ज करत होते. कशासाठी, ते कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. त्याच मोबाइलवर ओटीपी आला आणि मेल परत मिळालं. पत्रं जागेवर होती.

"याला भंगारात टाक," सीतारामराव माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"याला कशाला? आईनं याची जागा ठरवली होती. तुम्ही हलवलीत."

नासिरभाईंनी मला पुन्हा पुसून कोरं केलं.

आता सीतारामराव मला ग्रंथालयात नेतात. आधी काउंटरवर जातात. "तुमच्या वायफायचं नेमकं नाव काय?"

"आजोबा, बोर्डवर लिहिलंय की."

"बोर्ड कुणी लावला, तेही सांगा."

तिथली बाई वैतागते. वैतागू दे.

मित्रांनो, मला मऊ कापडात गुंडाळा असं मी म्हणत नाही. माझ्यासारखा लॅपटॉप घ्या, पण त्याला रिकामा ठेवा. जो बाहेर हिंडतो त्याला घरातलं काही सांगू नका. कोणी जीव लावून मला आत न्यायला लागला, तर त्याला अडवा.

घरी आल्यावर सीतारामराव चपला काढतात, मला वरच्या फळीवर ठेवतात आणि आतलं दार लावतात. थोड्या वेळानं ते घरच्या कॉम्प्युटरवर तिची पत्रं मोठ्यानं वाचायला लागतात. दाराच्या या बाजूला नुसता आवाज येतो. शब्द मला कळत नाहीत. कळायलाही नकोत.