धाकटीची पुडी

माझ्या थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे २०१२ सालची ही गोष्ट. लग्नात शुभ म्हणून दारावर चिकटवलेला लाल कागद अजून तसाच होता. गल्लीपलीकडे माझी धाकटी जाऊ गायलान चुलीपाशी बसून औषधाची वाटी तोंडाला लावत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कडू आहे?" मी विचारलं.

"मग काय गोड असणार?"

"किती कडू?"

"जाऊबाई, औषध पितेय मी. साखरेचं पाणी नाही."

"आण इकडे." मी तिच्या हातातून वाटी ओढली आणि तळाचा घोट घेतला. घशापर्यंत कडू. माझ्या औषधापेक्षा कडू. तेव्हापासून माझा जळफळाट सुरू झाला.

आम्हा दोघींच्या छातीत कळ यायची. बादली उचलली, बांध चढला की जीव घाबरा व्हायचा. नेहमीच्या गोळ्या चालू होत्याच. त्या वर्षी तालुक्याच्या इस्पितळात शहरातून डॉक्टर यान आली. पोरगेलीच होती. "आपल्या जुन्या झाडपाल्याने हे दुखणं खरंच कमी होतं का, आणि होत असेल तर कशाने, ते आम्हाला तपासायचंय, आजी," ती म्हणाली. निम्म्या लोकांना खऱ्या औषधाची पूड मिळणार होती. बाकीच्यांना तशीच दिसणारी, तशाच वासाची खोटी.

"मला कुठली?" मी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही."

"तुला नाही तर कुणाला?"

"कुणाला कुठली ते वसंतसणानंतर, नवं वर्ष लागलं की उघडायचं, आजी. तोवर कुणालाच नाही."

गायलान हसली. मी नाही हसले. जिथे वाटणी असते तिथे चांगलं ते गायलानच्या पदरात पडतं, हे मला लग्नापासून ठाऊक. आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात बाळंत झालो होतो. सासूने एकाच मडक्यात काढा केला. पहिल्या उकळीचा दाट काढा गायलानला. त्याच पाल्यात पुन्हा पाणी ओतून उकळलेला मला. वर म्हणाली, "तू दणकट आहेस." रात्रीच्या शाळेतही गायलानच गेली. मी भांडी घासत राहिले आणि अक्षरं शिकले ती म्हातारपणी, नातीच्या पुस्तकातून.

म्हणून रोज सकाळी मी माझी पुडी घेऊन तिच्या घरी जायची. "बरोबर पिऊ, म्हणजे विसरायला होणार नाही," असं तिला सांगितलं होतं. तिच्या वाटीवर नजर ठेवायची होती, दुसरं काय.

महिना दीड महिना गेला आणि गायलानच्या गालांवर रंग चढला. संध्याकाळी चौकात बायका गाणी लावून नाचतात, तिथे ही नाचाचा कागदी पंखा घेऊन जायला लागली. मी बांध चढत होते, पण निम्म्यात थांबून.

"तुझीच पुडी खरी," एक दिवस मी म्हटलंच.

"मग बदलू या की! घ्या." तिने लगेच आपली पुडी माझ्यापुढे सरकवली.

इतक्या पटकन? खरी वस्तू कुणी अशी हातावेगळी करतं? म्हणजे माझीच खरी असणार आणि हिला कुठून तरी कळलं असणार. मी माझी पुडी मुठीत घट्ट धरली.

"राहू दे. ज्याची त्याला दिलीये डॉक्टरने."

गायलान इतकी हसली की घोट नाकातून आला.

"आणि हे कसलं मेलं औषध," मी म्हटलं, "काढ्यासारखा रस्त्यावर टाकायला चोथासुद्धा नाही. लोकांनी तुडवून दुखणं न्यायचं कसं?"

"कुणाच्या पायाला चिकटवणार होतात?"

"तुझ्याच दारात टाकला असता."

वसंतसण झाला. डॉक्टर यानने बोलावलं, अंगाला वायरी लावल्या आणि सरकत्या पट्ट्यावर चालवलं. मग कागद बघून, माझं माहेरचं आडनाव घेत म्हणाली, "मियाव आजी, तुमचं औषध खरं होतं."

मला इतका आनंद नातीच्या लग्नातही झाला नव्हता. मी गायलानकडे बघितलं.

"फान आजी," डॉक्टर तिच्याकडे वळली, "तुमच्या पुडीत भाजलेलं पीठ होतं. रंग आणि कडवटपणा मुद्दाम घातलेला."

"आणि चालण्यात कोण पुढे?" मी विचारलं.

डॉक्टर जरा घुटमळली. "दोघी सुधारलात. फान आजी जास्त."

"पिठावर?"

"होतं असं काहींचं. म्हणून तर एकेकीवरून ठरवता येत नाही, सगळ्यांचं मिळून बघावं लागतं. आणि ज्यांना पीठ मिळालं, त्यांना आता खरं औषध फुकट."

म्हणजे तेही तिलाच!

"मला आधीचीच पुडी द्या," गायलान म्हणाली.

"ती आता नाही देता येत, आजी. तुम्हाला कळलं ना."

परतीच्या बसमध्ये मी तिचा दंड धरला. "खरं सांग, चोरून काय खात होतीस? मुलाने ताकदीची जिनसेंगची मुळी पाठवली?"

"मुलगा फोन करत नाही, जिनसेंग कुठलं पाठवतोय." ती खिडकीबाहेर बघत होती. "सकाळी तुम्ही यायचात ना. हे गेल्यापासून उठावंसंच वाटत नव्हतं. तुम्ही येणार म्हणून चूल पेटवायची, केस विंचरायचे. तुम्ही वाटी हुंगायचात, मला बोल लावायचात. बरं वाटायचं."

मी तिचा दंड सोडला. आत मात्र जळतच होते. खरं औषध मला मिळालं, आणि त्याहून चांगलं काहीतरी हिने माझ्याकडूनच नेलं, मला न विचारता. माझ्या दारात कोण येत होतं? घरात म्हातारा होता, पण तो अर्धा बहिरा आणि दिवसभर पत्त्यांच्या अड्ड्यावर.

"उद्यापासून तू माझ्याकडे यायचं," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज. मी गेले ना इतके दिवस?"

ती येऊ लागली. तिचं औषध संपलं, तरी येत राहिली. नुसतं गरम पाणी प्यायचो आणि मी तिला बोल लावायची.

त्याच्या पुढल्या वर्षीच्या शरदातल्या एका सकाळी मी पाणी तापवलं, दोन वाट्या मांडल्या. ती आली नाही. ही बया आता लोळायला लागली, असं म्हणत मी बसून राहिले. पाणी निवलं तेव्हा उठून गल्ली ओलांडली.

माझी धाकटी जाऊ फान गायलान २०१४ सालच्या नवव्या महिन्यात झोपेतच वारली.