सुरईची पट्टी

दुकानातल्या मुली तिला एक्सरे म्हणायच्या. तोंडावर मॅडम, पाठीमागे एक्सरे. तिला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं. बाई काचेचं दार ढकलून आत आली, की कपड्यांच्या रांगेपाशी पोचायच्या आत एक्सरेने तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलेलं असायचं. टेप नको, वजनकाटा नको. "तुम्ही सुरई. खाली गडद, वर फिकं, आणि कमरेवर खिसे अजिबात नकोत."  घरच्या आरशासमोर त्या बाईला जे वर्षानुवर्षं टोचत होतं, ते या बयेने दाराशीच ओळखलेलं असायचं.

ट्रायल रूमच्या शेजारी भिंतीवर तक्ता होता. मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेला, त्यावर पाच बायकांची पाच चित्रं. खालची नावं परकी, गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून जायची, म्हणून एक्सरेने आपल्या पदरची नावं दिली. खांदे अरुंद आणि कमरेखाली भरलेली ती सुरई. पोटाशी गोल ती सफरचंद. खांदे रुंद आणि खाली निमुळती ती पतंग. वर-खाली सारखी, मध्ये बारीक ती डमरू. आणि जिला कुठे काही नाहीच, वरून खाली सरळ, ती पट्टी. डमरूला जन्मतःच सगळं मिळालेलं असतं, पट्टीला काहीही शोभतं, उरलेल्यांना माझी गरज पडते, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. बायका हसायच्या. लागलं तरी हसायच्या.

तिच्या हाताला गुण होता, हे तिचा वैरीसुद्धा नाकारणार नाही. लपवणं ही तिची विद्या. कुठे एक उभी शिवण, कुठे जरा लांब बाही, कुठे गळ्याशी लक्ष वेधेल असं काहीतरी, की बघणाऱ्याची नजर नको तिथे जातच नसे. आत येताना खांदे पाडून आलेली बाई जाताना मान वर करून जायची. एक्सरे मात्र कुणाला 'छान दिसता' असं म्हणायची नाही. 'आता बरं आहे' म्हणायची. छान हा शब्द तिने कपाटात ठेवलेल्या चांगल्या कपबश्यांसारखा जपून ठेवला होता, कुणासाठी ते देव जाणे.

तिची सगळ्यात जुनी सुरई म्हणजे तिची थोरली बहीण. दोघी एका कपाटात वाढलेल्या. धाकटी चालायला शिकली थोरलीचं बोट धरून, आणि जरा अक्कल आली तशी थोरलीने काय घालावं हे तीच ठरवायला लागली. थोरली पोस्टात खिडकीवर बसायची. त्यावर एक्सरेचा ठरलेला विनोद होता, की सुरईला याहून चांगली नोकरी शोधून सापडणार नाही, लोकांना वरचा अर्धा भागच दिसतो. हा विनोद घरी पाहुण्यांसमोर, दुकानात मुलींसमोर, खुद्द थोरलीसमोर कितीदा झाला असेल कोण जाणे. थोरली हसायची आणि कुणाला आणखी चहा हवाय का ते विचारायची.

एकदा, फार पूर्वी, थोरलीने दुकानात एक लाल स्कर्ट उचलला होता. भरपूर चुण्यांचा, घेरदार. अंगाला लावून आरशासमोर जराशी वळलीसुद्धा. एक्सरेने तो तिच्या हातातून काढून घेतला. ह्यात तू तंबू दिसशील, म्हणाली, आणि हातात निळी पॅन्ट दिली. थोरली निळी पॅन्ट घेऊन घरी गेली. त्यानंतर तिने स्वतःहून काही उचलल्याचं कुणाला आठवत नाही.

आणि मग एका हिवाळ्यात, एका दुपारी थोरली दुकानात आली. न सांगता, कामाच्या दिवशी. एक्सरे काउंटरपाशी हँगर लावत होती. तिने दाराकडे पाहिलं आणि हातातले हँगर तसेच खाली टाकले.

"अगं बाई, सुरईची पट्टी झाली की!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. एक्सरेने बहिणीचा हात धरून तिला आरशासमोर उभं केलं, मागून वळवलं, पुढून वळवलं, मुलींना हाक मारून दाखवलं. कंबर उतरली होती. मांड्या उतरल्या होत्या. जे लपवण्यात तिची सगळी विद्या खर्ची पडली होती, ते आता नव्हतंच. काय केलंस, कसं केलंस, विचारायला लागली. थोरली म्हणाली, काही नाही, जेवण जरा कमी झालंय. एक्सरेने तेही मुलींना ओरडून सांगितलं, बघा, नुसतं जेवण आवरलं तर काय होतं. तिला एक सरळ, अंगाबरोबर बसणारा राखाडी ड्रेस घातला, फोटो काढला, आणि तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "छान दिसतेस. खरंच छान दिसतेस गं."

थोरलीचा चेहरा उजळला. फोटोत तो तसाच आला आहे.

मालकांना तो फोटो असा काही आवडला, की त्यांनी जुन्या अल्बममधला थोरलीचा एक फोटो मागवून घेतला आणि दोन्ही मोठे करून तक्त्याशेजारी लावले. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. बायका तिथे थबकायच्या. मला हिच्यासारखं करा म्हणायच्या. एक्सरेची मान ताठ व्हायची.

पुढे थोरली आणखी उतरत गेली, आणि एक्सरे तिच्यामागे कपडे घेऊन धावत राहिली. काखेत सैल पडलं, शिंपी मास्तरांकडून आत घेऊन दिलं. गळ्याची हाडं वर आली, तिने उभ्या कॉलरचं काहीतरी शोधलं. खांदे उतरले, आत पातळ गाद्या घातल्या. चेहरा ओढल्यासारखा वाटला, तर राखाडी बंद करून गुलाबी दिलं, त्याने गालावर रंग येतो. थोरलीच्या घरी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कसं येणार? कपडा कधी लोंबलाच नाही. भावजी तर एकदा म्हणाले, तुमच्या ताईला दुसरं तारुण्य फुटलंय.

आता तुम्ही म्हणाल, इतकी कशी आंधळी? आंधळी नव्हती हो. तिला सगळं दिसत होतं, इतर कुणाहीपेक्षा आधी दिसत होतं. पण तिच्या धंद्यात बाई लहान झाली की ती बातमी चांगली असते. वाईट बातमीसाठी तिच्याकडे खण नव्हताच.

पुढचा हिवाळा आला तेव्हा थोरली पोस्टाच्या खिडकीतच कोसळली. रांगेतल्या माणसाला ती एकदम दिसेनाशी झाली. पैसे घ्यायला खाली वाकली असेल म्हणून तो बिचारा हात पुढे करून उभा राहिला. मग आतून आरडाओरडा झाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भावजींना विचारलं, वजन कधीपासून कमी होतंय? भावजी आठवायला लागले. त्यांना काही सांगता येईना. कपडे तर नेहमीच अंगाबरोबर बसायचे, म्हणाले, आम्हाला जाणवलं नाही. भाची शेजारी उभी होती. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पोरीने अगदी विश्वासाने सांगितलं, "मावशीला विचारा ना. तिला एका नजरेत कळतं."

सगळे एक्सरेकडे बघायला लागले. ती म्हणाली, मागच्या हिवाळ्यापासून. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. रागावल्या नाहीत, मान खाली ठेवूनच पुढचा प्रश्न विचारला, तेव्हा भूक कमी झाली होती का?  जेवण जरा कमी झालंय, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ऐकून अख्ख्या दुकानाला सांगितलं होतं.

पोटात गाठ होती, आणि गाठ आता पोटापुरती राहिली नव्हती. आधी आला असतात तर, एवढं बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या. पुढचं वाक्य बोलायची गरज नव्हती.

थोरलीला दवाखान्याचा फिकट हिरवा झगा घातला होता. मागून नाडीचा, सगळ्यांना एकाच मापाचा. त्या वॉर्डात सुरई नव्हती, डमरू नव्हती, पतंग नव्हती. एक्सरे खुर्चीवर बसून बहिणीच्या मनगटाकडे बघत राहिली. भावजी औषधं आणायला खाली गेले, तेव्हा तिने विचारलं, तुला काहीच जाणवत नव्हतं का गं?

 थोरली बोलली तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच एक्सरेला सोसेना.

"घास तोंडात फिरायचा, गिळवायचा नाही. तेच तुला सांगायला आले होते त्या दिवशी दुकानात. म्हटलं, हिच्या ओळखीत कुणी चांगला डॉक्टर असेल. तर तू दारातच केवढी खूश झालीस."

"मग सांगायचं होतंस ना ताई."

"सांगणारच होते. पण तू मला छान म्हणालीस. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालीस. म्हटलं, राहू दे थोडे दिवस."

एक्सरेने उशीची सुरकुती काढली. मग चादरीची काढली. मग काढायला काही उरलं नाही, तेव्हा ती बहिणीच्या पायाशी डोकं टेकून रडली, आणि थोरली तिच्या केसांतून हात फिरवत राहिली, लहानपणी फिरवायची तसा.

घरी पाठवायचं ठरलं. बरी झाली म्हणून नव्हे, आता दवाखान्यात करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. घरी जाताना काय घालशील, असं एक्सरेने विचारलं. थोरली म्हणाली, तो लाल स्कर्ट असेल का गं अजून? आता तर तंबू दिसणार नाही.

असे स्कर्ट दुकानात यायचे कधीच बंद झाले होते. एक्सरेने लाल कापड आणलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या मास्तरांकडे गेली. इतकी वर्षं ती त्यांना 'आत घ्या, कमी करा, दाबा' एवढंच सांगत आलेली. आता म्हणाली, चुण्या घाला. आणखी घाला. आत जाड अस्तर लावा, कमरेपाशी फुगलं पाहिजे. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि कापड पुढ्यात ओढलं. ती स्वतः शेजारी बसून टाके घालत राहिली. जन्मभर जे लपवलं तेच आता कापडाने परत करत होती, आणि कितीही चुण्या घातल्या तरी भरेना. दुकान बंद करायची वेळ झाली तरी ती बसून होती.

थोरलीने स्कर्ट घातला. भाचीने कमरेला आधार दिला, एक्सरेने आरसा धरला. घेर खरंच चांगला आला होता. खांदे अरुंद, खाली भरलेलं. जरा डोळे बारीक करून बघितलं तर मागच्या हिवाळ्याच्या आधीची थोरली.

"कशी दिसते?" थोरलीने विचारलं.

"सुरई," एक्सरे म्हणाली. पुढे 'छान' म्हणायचं होतं, त्याऐवजी तिने आरसा जरा तिरका करून दिला.

थोरली मात्र हसली. आरशात स्वतःला डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. तो स्कर्ट तेवढाच एकदा घातला गेला. उन्हाळा लागायच्या आत थोरली गेली.

एक्सरे कामावर परत आली तेव्हा दोन्ही फोटो भिंतीवर होते. मालक माणूस वाईट नव्हता. काढू का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, मी काढते. आणि काढले नाहीत. रोज सकाळी दिवे लावताना त्यांच्याकडे बघायची आणि पुढे जायची. तक्त्याकडे तर बघायचीही नाही. कामात चुका व्हायला लागल्या. पतंगाला खांद्यावर झालर दिली, सफरचंदाला पट्टा. दारातून बाई आत आली की ही पाठ फिरवून हँगर लावायला लागायची. दुकानातल्या मुलींनी तिला एक्सरे म्हणणं आपसूक सोडलं होतं.

अशातच एका सकाळी एक बाई आली. गुबगुबीत, घामाघूम, हातात पिशव्या. सरळ भिंतीपाशी गेली आणि 'नंतर'च्या फोटोवर बोट ठेवलं. मला हिच्यासारखं व्हायचंय, म्हणाली. कोण आहे हो ही?

"माझी बहीण."

"काय केलं हो त्यांनी? जेवण सोडलं का?"

"हो," ती म्हणाली. "जेवण सोडलं."

बाईने कौतुकाने मान हलवली. नशीबवान असतात एकेकजणी, म्हणाली. मग पिशव्या खाली ठेवून हात जरा लांब करून तिच्यासमोर उभी राहिली, सगळ्या उभ्या राहतात तशी, मी कोण ते सांगा म्हणून. जुनी नजर आपोआप खाली-वर फिरली. सफरचंद. पण तोंडातून ते आलं नाही.

"तुम्हाला भूक लागते का नीट?"

बाई हसायलाच लागली. तेच तर रडगाणं आहे, म्हणाली, सकाळ-संध्याकाळ लागते, भरपेट जेवते, ताट चाटूनपुसून घेते.

"मग तुम्ही छान आहात," ती म्हणाली. "फार छान दिसता."

बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले, आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. बाईचं हसू मावळलं. आपली चेष्टा चालली आहे, की समोरच्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही, हे तिला ठरवता येईना. तिने पिशव्या उचलल्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. काचेतून ती दिसत होती. तिथे कुणीतरी लगेच टेप घेऊन तिच्यापाशी आलं.