रान बघणं

बाळाच्या ओठांतून हळूच स्वतःला सोडवून घेत ती उठली. ट्रॅक्टरचा आवाज विहिरीच्या अंगानं येत होता. दिराचं रान रस्त्याकडे होतं, विहिरीकडचं तिचं.

बाळानं भोकाड पसरलं. त्याला तसंच खांद्याशी धरून ती अनवाणी निघाली.

सात वर्षं त्या रानात नांगर शिरला नव्हता. कापणी झाली की काड तिथंच पसरायचं आणि त्यातूनच पुढचं बी टोकायचं. पहिली दोन वर्षं पीक निम्म्यावर आलं, तेव्हा जेवताना घरात कुणी तो विषयच काढत नसे. मग माती हळूहळू मऊ पडली, पाणी धरू लागली. गेल्या हंगामात कुठं तिचा गहू दिराच्या गव्हाच्या बरोबरीला आला होता. एकदा माती उलटली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ती बांधावर पोचली तेव्हा दोन ओळी नांगरून झाल्या होत्या. तिसरी निम्म्यावर होती. तिनं मोकळा हात वर केला. दिरानं हसून हात हलवला आणि ट्रॅक्टर तसाच पुढं घेतला.

धसकटं तुडवत ती आडवी जाऊन उभी राहिली. इंजिन गुरगुरत थांबलं.

"वहिनी, बाळाला घेऊन उन्हात कशाला?"

"भाऊजी, हे कुणी सांगितलं करायला?"

"तुम्हीच. यंदा रान तुम्हीच बघा म्हणालात ना?"

"बघा म्हटलं होतं."

"मग? रान बघायचं म्हणजे दुसरं काय करायचं? न विंचरलेल्या डोक्यासारखं पडलंय नुसतं. म्हटलं, काका झालोय, एवढं तरी करावं."

त्याचा चेहरा इतका खुशीत होता, की तिला नीट रागावताही येईना. ती बाळाची पाठ थोपटत राहिली. जरा जोरातच.

ट्रॅक्टर मागं घ्यायला तो वळला आणि वळलेलाच राहिला. उलटलेल्या मातीवर बगळे उतरले होते. ढकलाढकली करत, चोचीत गांडुळं ओढत. आणखी येतच होते. त्यानं मान उंचावून रस्त्याकडे पाहिलं. सकाळीच नांगरलेलं त्याचं रान मोकळं, स्वच्छ पडलं होतं. तिकडं एक पाखरू नव्हतं.

तो खाली उतरला. एक ढेकूळ उचललं. ते मुठीत येताच विरघळल्यासारखं फुटलं.

"माझं असं फुटत नाही," तो म्हणाला.

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आता हे निस्तरायचं कसं, वहिनी?"

"उलटलं ते उलटलं. वरून काड पांघरा, ऊन लागू देऊ नका."

"माझ्याकडं ढीग आहे. पेटवायचा होता संध्याकाळी." त्यानं हात पँटीला पुसले. "सगळा आणतो."

"सगळा नको."

"का?"

बाळ आता खांद्यावर पेंगुळलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली,

"तुमच्या रानाला लागेल की."