मेंदीची मुळं

मेंदीचं कुंपण मीच लावलं होतं, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कुणी नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी खापर गावाच्या वरच्या या पाड्यावर नर्स म्हणून आले, तेव्हा दारापुढून जाणारा प्रत्येक माणूस थांबून माझ्या चुलीवर काय शिजतंय ते बघायचा. मला त्याचा राग यायचा. मी वीतभर काड्या टोचल्या. त्या जगल्या, माझ्या छातीइतक्या वाढल्या, आणि मी दर महिन्याला कात्रीने त्यांचे शेंडे सरळ करत राहिले. निवृत्त झाले तरी घर इथेच बांधलेलं, म्हणून राहिले.

या जानेवारीत नळाची पाइपलाइन आली. गल्ली एवढी अरुंद की यंत्र आत येईना, चर हातानेच खणत होते. माझं घर त्या लाइनीवर शेवटचं. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला मेंदी, मधे चराला जागाच नाही. मुकादम म्हणाला, "सोमवारपर्यंत कुंपण मुळासकट काढा. नाहीतर लाइन मंगळीबाईच्या दाराशी संपवतो." बासष्टाव्या वर्षी हापशावरून दोन हंडे आणताना माझी कंबर काय म्हणते ते मलाच ठाऊक. नळ हवाच होता.

मंगळीबाई म्हणजे माझी शेजारीण. तिच्या नवऱ्याला, बुध्याला, मी हाताशी घेतलं. वरचा पाला कोयत्याने तासाभरात उडवला. मग खाली बघितलं तर मनगटाएवढी मुळं एकमेकांत गुंतलेली, काही थेट कातळाच्या भेगेत शिरलेली. पहार टेकवली की नुसती टणटण वाजे. शुक्रवार आणि शनिवारच्या दुपारपर्यंत मिळून तीन बुंधे निघाले. एकोणतीस राहिले. अर्धवट मूळ ठेवलं तर पावसाळ्यात परत फुटणार आणि पाइप फोडणार, त्यामुळे वरवर काम करून भागणार नव्हतं.

मंगळीबाई घरी भिली बोलते, माझ्याशी बाजारातली अहिराणी. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सिस्टर, असं एकेक खुट काढत बसशी ते होळी ई जाई. लाह बोलाव."

लाह म्हणजे सगळा पाडा एकाच्या कामाला येतो. मजुरी नाही, जेवण घरधन्याचं, आणि पुढे ज्याची पाळी असेल त्याच्याकडे आपण जायचं.

"मी कसाले बोलावू?" मी म्हटलं. "कधी कोन्हा वावरमा गयी का मी? फेडसू कशी?" आणि मग मला जरा फुशारकी सुचली. "का मी गावले इतल्या सुया टोच्यात, त्या धरतस?"

मंगळीबाई खो-खो हसली. "त्या सुयास्ना तुले पगार व्हता ना!"

मला झोंबलंच. पण खोटं काय होतं त्यात? तिने मात्र माझी वाट न बघता संध्याकाळी निरोप फिरवला.

रविवारी सकाळी मी दहा माणसांची डाळ चढवली. उजाडतंय न उजाडतंय तोच लोक यायला लागले. कुदळी, टिकाव, कुऱ्हाडी, दोर. मी मोजायचं सोडून दिलं, चाळीस तरी असतील. मला घाम फुटला. मंगळीबाईची सून दोन मोठी पातेली आणि पिठाचा डबा घेऊन आत आली आणि तिने मलाच बाजूला सरकवलं.

बाहेर एकेका बुंध्याला चार-चार जण लागले. आधी भोवताली खड्डा, मग आडवी मुळं कुऱ्हाडीने तोडायची, मग दोर बांधून सगळ्यांनी मिळून ओढायचं. बुंधा सुटला की ओढणारे मागच्या मागे बसायचे आणि बायका फिदीफिदी हसायच्या. कातळातलं मूळ बुध्याने जमिनीवर पालथं पडून पहारीने उचकटलं. दुपारच्या आत मेंदी साफ निघाली. मुळांचे तुकडे सरपणाला बांधून झाले. दारापासून रस्त्यापर्यंत उघडी लाल माती, आणि सगळा पाडा माझ्या चुलीकडे बघत बसलेला. या खेपेला मला मुळीच राग आला नाही.

मी वाढायला उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. "तुमचे उपकार..." एवढं म्हणाले. कुणी ऐकतच नव्हतं, सगळे जेवत होते.

पंगतीच्या टोकाला भुरीबाई होती. सव्वीस वर्षांत ही बाई माझ्याशी तापाखोकल्यापलीकडे एक अक्षर बोलली नव्हती. तिने ताट पुसून खाल्लं, हात धुतला आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मंगळवारे मन्ही तूर कापानी शे," ती म्हणाली. "तू येजो. इळा मन्हा घर शे."

"मले कापता नही येत, भुरीबाई."

"ते शिकाडसूत. उशीर नको करजो."

आणि ती निघून गेली. आजवर या पाड्याने मला हजार वेळा बोलावलं असेल, रात्री-अपरात्री, पावसात, पण दर वेळी कुणीतरी आजारी होतं म्हणून. कुणाचंही काही दुखत नसताना आलेलं हे पहिलं बोलावणं. वाढायचा डाव हातात धरून मी चाळीस माणसांदेखत रडले, आणि मंगळीबाईने तो डाव माझ्या हातातून काढून घेतला, कारण पंगतीला अजून डाळ हवी होती.